कोंबडीच्या पंखातला विषाणू आणि डब्ल्यू नावाची अडगळीची खोली

केतकीचं_बन (धागाकर्ती)

माहेरी गेलं की दादाच्या हॅचरीत एक चक्कर ठरलेली. या वेळी सेक्सिंगच्या (नर-मादी वेगळे करायच्या) टेबलापाशी अर्धा तास उभी राहिले. सुमनमावशी पिल्लू डाव्या मुठीत धरते, उजव्या अंगठ्याने पंख पसरते, एक नजर टाकते आणि पिल्लू डावीकडच्या नाहीतर उजवीकडच्या ट्रेमध्ये. पंखावर पिसांच्या दोन ओळी असतात. खालची मोठी पिसं आणि त्यांच्या बुडाशी वरून झाकणारी छोटी. मोठी पिसं स्पष्ट लांब असली तर मादी. दोन्ही सारखी, किंवा वरचीच लांब, तर नर. एक दिवसाचं पिल्लू, आणि मावशीला दोन सेकंदही लागत नाहीत. (लेअरच्या, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्यांच्या, नर पिल्लांचं पुढे काय होतं ते आज नको.)

मावशीला विचारलं, हे असं का होतं? ती म्हणाली, "आईवर जातंय गं." बरोब्बर! मी गेली अकरा वर्षं पक्ष्यांची गुणसूत्रं बघते, पण मला हे इतकं थोडक्यात सांगता आलं नसतं.

पक्ष्यांत आपल्या उलटं असतं. आपल्यात बाप एक्सवाय, म्हणून मूल मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. पक्ष्यांत नर झेडझेड आणि मादी झेडडब्ल्यू. पिल्लाचं लिंग आईच्या अंड्यात ठरतं. पिसं हळू वाढवणारं जनुकरूप झेडवर बसलेलं आहे आणि ते प्रभावी आहे. म्हणून हॅचरीवाले मुद्दाम अशी जोडी लावतात: आई हळू पिसांची, बाप लवकर पिसांचा. आई आपलं एकुलतं एक झेड मुलग्यांनाच देते, मग सगळे मुलगे हळू पिसांचे. मुलींना आईकडून डब्ल्यू मिळतं आणि झेड बापाचं, म्हणून त्या लवकर पिसांच्या.

आता खरी गंमत. ही हळू पिसं येतात कुठून? झेडवरचा सुमारे १ लाख ७६ हजार अक्षरांचा एक तुकडा दोनदा छापला गेलाय. त्यात दोन जनुकं अर्धवट दुप्पट झालीत, त्यातलं एक प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या ग्राहीचं. आणि त्याच जागी एक जुना विषाणू डीएनएत घुसून कायमचा रहिवासी झालाय. त्याचं नाव ईव्ही२१. पुनरावृत्ती आणि विषाणू, म्हणजे ज्याला आपण वर्षानुवर्षं 'जंक' म्हणत आलो तोच माल. मावशीचा हात त्याच्यावर चालतो.

या निमित्ताने पुनरावृत्त डीएनए आणि पक्ष्यांची लिंग गुणसूत्रं यांवर गप्पा मारू. प्रश्न विचारा, भांडा.

नुसता_वाचक

वाचतोय. जागा धरून ठेवली.

पोल्ट्रीवाला_खंडू

ताई, लिवलंय झकास. पन येक राह्यलं. ह्या हळू पिसाच्या आया घेतल्या की ल्यूकोसिसचा (कोंबड्यांच्या विषाणूच्या कॅन्सरचा) तरास वाढतो असं आमचे डॉक्टर सांगतात. अंडी बी कमी होत्यात. त्ये ह्याच विषाणूमुळं का?

केतकीचं_बन

खंडूदादा, नेमकं तेच. ईव्ही२१ स्वतः फारसा रोग करत नाही. पण हळू पिसांच्या आईकडून तो अंड्यातून पिल्लाकडे जातो. पिल्लू जन्मापासून त्याला बघत आलेलं असतं, म्हणून शरीर त्याला घरचाच समजतं. पुढे त्याचा चुलतभाऊ, खरा ल्यूकोसिस विषाणू, आला की प्रतिकारशक्ती दार उघडून देते. आणि बघा, फटका कुणाला? मुलींना. त्यांच्या स्वतःच्या डीएनएत ईव्ही२१ नसतो, पण आईकडून संसर्ग झालेला असतो.

मात्र पिसं हळू वाढण्याचा आरोप थेट विषाणूवर करू नका. दुप्पट झालेला तुकडा आहे पण ईव्ही२१ नाही, अशाही कोंबड्या सापडल्या आहेत आणि त्यांचीही पिसं हळूच येतात. संशयाची सुई दुपटीकडेच आहे. विषाणू बहुधा घटनास्थळी सापडलेला भुरटा.

शंकासुर

छान किस्सा. पण एका किश्श्यावरून सगळ्या जंकला पद्मश्री देऊ नका. माणसाच्या डीएनएत निम्मी पुनरावृत्ती आहे म्हणतात. ती सगळी कामाची? पक्ष्यांत किती? आणि डब्ल्यूचं काय, शीर्षकात अडगळीची खोली म्हटलंय ती कुठंय?

केतकीचं_बन

पद्मश्री कुणालाच देत नाहीये हो. :)

आधी आकडे. माणसाचा जीनोम, म्हणजे डीएनएचा आख्खा संच, सुमारे ३१० कोटी अक्षरांचा, पक्ष्यांचा बहुतेक १०० ते १३० कोटींचा. बहुतेक पक्ष्यांत पुनरावृत्ती १० टक्क्यांच्या आतच. गृहिणीसारखा नेटका संसार. पण हा नेटकेपणा सगळ्या खोल्यांत सारखा नाही.

कोंबडीची ७८ गुणसूत्रं स्लाइडवर पसरली की पाच-सहा जोड्या ठसठशीत दिसतात, बाकी बरीचशी रांगोळी सांडल्यासारखी कणकण. त्यात झेड मोठं, डब्ल्यू छोटं. मग स्लाइड बेरियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवायची, धुवायची, गिम्सा रंग द्यायचा. काही सेकंद जास्त बुडवली तर सगळं वाहून जातं आणि दिवस फुकट. नीट जमलं तर बाकीची गुणसूत्रं फिकट पडतात आणि त्या फिकटपणात एक छोटा तुकडा आख्खा गडद राहतो. ते डब्ल्यू. एका दृष्टिक्षेपात मादी ओळखू येते. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला ओढत आणलं होतं.

तो गडद रंग म्हणजे घट्ट गुंडाळलेली पुनरावृत्ती. कोंबडीच्या डब्ल्यूवर सुमारे ७०० अक्षरांचा एक तुकडा हजारो वेळा एकापुढे एक आहे. तो जपानमध्ये शिगेकी मिझुनो यांच्या गटाने १९८० च्या दशकात उलगडला. अलीकडे, २०२१ मध्ये, काही पक्ष्यांचं डब्ल्यू नीट वाचून झालं तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं. बाकी जीनोममध्ये उड्या मारणारे (स्वतःच्या प्रती नव्या जागी चिकटवणारे) तुकडे १० टक्क्यांहून कमी, डब्ल्यूवर ५५ टक्क्यांच्या वर. आणि पूर्ण लांबीचे, म्हणजे अजून जागे होऊ शकतील असे रेट्रोव्हायरस (ईव्ही२१ सारखे डीएनएत घुसलेले विषाणू) मोजले, तर निम्म्याहून जास्त एकट्या डब्ल्यूवर. घरातलं मोडकं सामान जसं एकाच खोलीत जातं. फरक इतकाच की या खोलीतल्या काही वस्तू चालू स्थितीत आहेत.

अडीच_अक्षरं

मी कोड लिहितो, जीवशास्त्र दहावीनंतर सोडलं. हे म्हणजे एखादा फोल्डर ज्यात कोणी कधी क्लीनअप चालवत नाही, असंच ना? पण मग इतर फोल्डरमध्ये क्लीनअप कोण करतं?

दूरदेशी

अडीच_अक्षरं, क्लीनअप म्हणजे जोडीदाराशी देवाणघेवाण. प्रत्येक गुणसूत्राला एक जोडीदार असतो. अंडं किंवा शुक्रपेशी बनताना दोघं शेजारी येतात आणि तुकडे बदलतात. एकात चूक असेल तर दुसऱ्याच्या चांगल्या तुकड्याबरोबर नवी, स्वच्छ जोडणी होऊ शकते. झेडला नरात दुसरं झेड मिळतं. डब्ल्यूला डब्ल्यू कधीच मिळत नाही. झेडशी त्याची ओळख फक्त एका टोकाला उरलेली, बाकी लांबीभर बोलणं बंद. त्यामुळे एकदा आलेली घाण जात नाही. साठतच राहते.

मूळचं झेड आणि डब्ल्यू ही साधी, सारखी जोडी होती. आज झेडवर हजाराच्या आसपास जनुकं आहेत आणि कोंबडीच्या डब्ल्यूवर त्या जुन्या साठ्यातली २८ उरलीत. जी उरली ती मात्र उगाच नाही. ज्यांचा डोस अर्धा झाला तर शरीर कोलमडेल अशीच बरीचशी आहेत.

हे एका झटक्यात झालेलं नाही. टप्प्याटप्प्याने देवाणघेवाण बंद होत गेली, आणि त्या थरांच्या खुणा अजून वाचता येतात. २०१४ मध्ये १७ जातींचे जीनोम शेजारी ठेवून हे दाखवलं गेलं. सगळ्यात जुना थर सगळ्या पक्ष्यांत सामाईक, त्यात डीएमआरटी१ हे जनुक येतं. नर घडवणारं ते हेच. झेडवर आहे, डब्ल्यूवर नाही. नराला दोन डोस, मादीला एक. झेडझेड कोंबड्यात त्याची एक प्रत बिघडवली तर वृषणाऐवजी अंडाशय तयार होतं.

आणि शहामृग, इमू? त्यांनी तो पहिला थर बंद केला आणि मग जणू कामच सोडून दिलं. त्यांच्यात झेडचा सुमारे दोन तृतीयांश भाग अजून डब्ल्यूशी देवाणघेवाण करतो. डब्ल्यू जवळजवळ झेडएवढंच. १० कोटी वर्षं उलटून गेली तरी खोली रिकामीच. का, यावर आमच्याकडे कॉफीच्या वेळी अजून वाद होतात.

शंकासुर

मग आधी काय? आधी देवाणघेवाण थांबली आणि मग अडगळ साठली? की आधी अडगळ आली आणि तिच्यामुळे जोडी जुळेना? आधी कोंबडी की आधी अंडं, अक्षरशः.

अप्पा_बनारसवाले

शंकासुरांच्या प्रश्नावर बनारसमध्ये पन्नासेक वर्षांपूर्वी काम झालंय. धाग्यावर त्याचा उल्लेख नाही म्हणून लिहायला बसलो. आमचं घराणं चार पिढ्या काशीत. मी बीएचयूचा (बनारस हिंदू विद्यापीठाचा), शाखा वेगळी.

तिथे प्रा. एस. पी. रायचौधुरी यांच्या हाताखाली लालजी सिंग नावाचा जौनपूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला मुलगा सापांची गुणसूत्रं बघत होता. सापांतही मादी झेडडब्ल्यू असते, पक्ष्यांसारखी, पण ती जोडी वेगळ्याच गुणसूत्रांपासून बनलेली. निसर्गाने तोच खेळ दोनदा मांडला म्हणा. अजगरासारख्या जुन्या वळणाच्या सापांत वेगळं डब्ल्यू दिसतच नाही, धामणीच्या कुळात थोडं, नाग-मण्यार-घोणस यांच्यात ठळक. म्हणजे एकाच घराण्यात सगळ्या पायऱ्या बघायला मिळतात. सुसुमू ओहनो यांनी १९६७ मध्ये लिंग गुणसूत्रं साध्या जोडीतून आली असा सिद्धांत मांडला, त्यालाही सापांच्या याच पायऱ्यांचा आधार होता. आणि पुढे १९७२ मध्ये 'जंक डीएनए' हा शब्द गाजवला तोही याच गृहस्थांनी! दोन्ही धागे एकाच हातात.

सिंगांच्या लक्षात आलं की काही सापांत झेड आणि डब्ल्यू आकाराने सारखी आहेत, तरी डब्ल्यू आधीच घट्ट गुंडाळलेलं आणि पेशीत उशिरा प्रत काढणारं. १९७१ सालची ही गोष्ट. पुढे एडिनबर्गला केन जोन्स यांच्याबरोबर त्यांनी पट्टेरी मण्यारीच्या मादीच्या डीएनएतून एक पुनरावृत्त अंश वेगळा काढला, त्याचं नाव बीकेएम. त्यात जीएटीए ही चार अक्षरं पुन्हापुन्हा. गाटा गाटा गाटा. तो डब्ल्यूवर ठासून भरलेला. त्यांचं म्हणणं: आकार बदलण्याआधी पुनरावृत्ती येते, ती डब्ल्यूची घडी बदलते, आणि मग जोडी तुटते.

त्याच बीकेएमचा वापर करून १९८८ च्या सुमारास हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत डीएनए फिंगरप्रिंटिंगची देशी पद्धत उभी राहिली. पितृत्वाचे खटले, राजीव गांधी हत्या प्रकरणातली ओळख पटवणं, सगळीकडे ती वापरली गेली. मण्यारीच्या अडगळीतून कोर्टाचा पुरावा. सिंग २०११ ते २०१४ आमच्या विद्यापीठाचे कुलगुरू होते, २०१७ च्या डिसेंबरात गेले.

दूरदेशी

अप्पा, साष्टांग. एक पुरवणी जोडतो. काही काळ असं वाटलं होतं की बीकेएमचाच लिंग ठरवण्याशी थेट संबंध असावा, कारण उंदराच्या वाय गुणसूत्रावरही तो सापडला. १९९० मध्ये सस्तन प्राण्यांतलं खरं जनुक, एसआरवाय, मिळालं आणि तो विषय मिटला. पुनरावृत्ती त्या जागेच्या आसपास राहते, हुकूम ती देत नाही. पक्ष्यांत आज बहुतेकांचा कल असा की आधी देवाणघेवाण थांबते (उदाहरणार्थ एखादा तुकडा उलटा बसल्याने), अडगळ मागून वेगाने येते, आणि मग तीच अडगळ शेजारच्या भागालाही गप्प करते. दोन्ही एकमेकांना ढकलतात. शंकासुरांना हे आवडणार नाही.

शंकासुर

नाही आवडलं. पण मण्यार माहीत नव्हती. खूण साठवली.

मोतीची_आई

मला यातलं फार कळत नाही पण माझं एक दुःख आहे. आमचा कॉकॅटिल पोपट, मोती. पिल्लू असताना पीस पाठवून डीएनए चाचणी केली. प्रमाणपत्र आलं, गोल शिक्का, 'नर'. दोन वर्षं आम्ही त्याला शिट्ट्या शिकवतोय. मागच्या मंगळवारी मोतीने अंडं घातलं!! चाचणीवाल्यांना फोन केला तर म्हणाले नमुना तुम्ही नीट घेतला नसेल. हे कसं होतं?

केतकीचं_बन

अभिनंदन. :) प्रयोगशाळेचं नाव इथे नको, पण चूक कशी होते ते सांगते.

सीएचडी१ नावाचं जनुक झेडवरही आहे आणि डब्ल्यूवरही, त्या उरलेल्यांपैकीच एक. मधला एक बिनकामाचा भाग दोन्हीकडे वेगळ्या लांबीचा आहे. पीसीआरने त्या भागाच्या भरपूर प्रती काढायच्या आणि जेलवर चालवायच्या, तिथे लांबीप्रमाणे पट्ट्या वेगळ्या होतात. नराची एक पट्टी, मादीच्या दोन. १९९८ पासून जगभर हीच पद्धत आहे. आता पीस जुनं असेल, गळून पडलेलं असेल, बुडाशी पेशीच नसतील, तर डीएनए कमी. मग दोनपैकी एक पट्टी उमटतच नाही. डब्ल्यूची हुकली की एकच पट्टी, आणि रिपोर्टवर 'नर'. ही चूक मादीचा नर करते. मोतीचं तेच झालं असणार. नमुना पुरेसा नसेल तर 'निष्कर्ष नाही' लिहावं, हा साधा नियम. ताजं उपटलेलं पीस किंवा रक्ताचा थेंब द्या.

उलटीही चूक होऊ शकते. ऑकलेट नावाच्या समुद्री पक्ष्यांत दोन झेडवरच तो भाग वेगवेगळ्या लांबीचा निघाला. नराला दोन पट्ट्या, म्हणून तो मादी ठरला. आणि शहामृग-इमूवर ही चाचणी चालतच नाही, कारण दूरदेशी म्हणाले तसं, त्यांचं तिथलं झेड आणि डब्ल्यू अजून वेगळं झालेलंच नाही.

चंडोल

पक्षीनिरीक्षक म्हणून माझं आयडीनाम सार्थकी लावतो. कोंबडी सोडा, बाल्कनीतल्या बुलबुलाकडे बघा. बुलबुल, चंडोल, वटवट्या, सातभाई, भिंगरी, ही सगळी सिल्व्हियॉइडिया या मोठ्या गटातली. या गटाच्या पूर्वजात ४ए नावाच्या साध्या गुणसूत्राचा एक भाग लिंग गुणसूत्रांना येऊन चिकटला. २०१२ मध्ये हे पुढे आलं. म्हणजे तुमच्या कुंडीत घरटं केलेल्या बुलबुलाचं झेड कोंबडीपेक्षा लांब आहे. आणि चंडोलांनी तर कहरच केलाय, आणखी गुणसूत्रं जोडत गेले. रासो नावाच्या अटलांटिकमधल्या छोट्या बेटावरच्या चंडोलाची लिंग गुणसूत्रं पक्ष्यांत सगळ्यात मोठ्यांपैकी.

एवढासा मातकट पक्षी, माळावर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

अवांतर: पक्ष्यांत पुनरावृत्ती १० टक्क्यांच्या आत, या नियमाला सुतार पक्षी अपवाद. अमेरिकेतल्या डाउनी सुताराच्या जीनोममध्ये २२ टक्के, बहुतेक सीआर१ नावाच्या एकाच उडी मारणाऱ्या घराण्याची पिलावळ. काही सुतारांत झेड हेच सगळ्यात मोठं गुणसूत्र. मग उडायचं वजन कमी म्हणून जीनोम छोटा, हे कसं बसवायचं? सुतार काय चालत जातो?

केतकीचं_बन

चंडोलराव, नव्याने जोडलेल्या भागावर नवा थर सुरू होतो. तिथे अडगळ साठायला आत्ता कुठे सुरुवात झालीय, म्हणून तो भाग बघायला आम्हाला आवडतो. जुन्या डब्ल्यूवर सगळं होऊन गेलंय.

वजनाचं उत्तर अर्धंच आहे. वटवाघळांचेही जीनोम लहान असतात, हमिंगबर्डचे पक्ष्यांतही लहान, तेव्हा उडण्याशी नातं दिसतं. पण पक्ष्यांत भर पडतच नाही असं नाही. भर पडते आणि मोठमोठे तुकडे गळतातही, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखं. सुताराचा भाता सध्या फुगलेला.

नुसता_वाचक

एक बावळट प्रश्न. या विषाणूंनी भरलेल्या खोलीचा मादीला त्रास नाही का होत?

दूरदेशी

अजिबात बावळट नाही, यावर सध्या जोरात काम चालू आहे. फळमाशीत वायवरची अडगळ म्हातारपणी जागी होते असं दिसलंय, आणि नर आधी मरतात. २०२० मध्ये २२९ जातींची आयुष्यं तपासली गेली: ज्या लिंगाची दोन्ही लिंग गुणसूत्रं सारखी ते सरासरी १७.६ टक्के जास्त जगतं. जिथे नर बेजोड (म्हणजे त्याची दोन लिंग गुणसूत्रं वेगवेगळी), तिथे फरक २०.९ टक्के. जिथे मादी बेजोड (पक्षी त्यातच), तिथे ७.१. म्हणजे दिशा तीच, जोर कमी. डब्ल्यूच कारण आहे हे मात्र यातून सिद्ध होत नाही. नरांची मारामारी, माद्यांचं अंडी घालणं, हे सगळं त्यात मिसळलेलं आहे.

मोतीची_आई

आता दुसरं अंडं. ती रात्रंदिवस उबवतेय. घरात दुसरा पक्षी नाही. यातून काही निघेल का? नवरा म्हणतो काढून टाक.

केतकीचं_बन

लगेच काढू नका, नाहीतर भरपाई म्हणून ती आणखी घालत बसेल आणि कॅल्शियम संपेल. तिला कंटाळा येईपर्यंत बसू द्या, कॅल्शियमचा कटलबोन पिंजऱ्यात ठेवा, आणि मलूल दिसली तर लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरकडे.

निघेल का? जवळजवळ नाहीच. पण 'कधीच नाही' म्हणवत नाही. नराशिवाय पिल्लू टर्कीत झालंय, आणि २०२१ मध्ये सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयाच्या लोकांनी कॅलिफोर्निया कॉन्डोर या गिधाडाची दोन पिल्लं बापाशिवायची निघाली हे जाहीर केलं, तेही माद्या नरांबरोबर राहत असताना. दोन्ही पिल्लं नर. आईचा अर्धा संच दुप्पट होतो तेव्हा एकतर झेडझेड बनतं नाहीतर डब्ल्यूडब्ल्यू. आणि नुसत्या अडगळीच्या खोलीवर घर चालत नाही, डब्ल्यूडब्ल्यू जगत नाही.

पोल्ट्रीवाला_खंडू

ताई, आज सकाळी मावशीवानी धा ट्रे सोता बघितले. आठ-धा पिल्लांचं काई कळंना, दोन्ही पिसं सारकीच वाटली. नर म्हून टाकली. तुमचं म्हननं वाचून मंग परत काढली आन् बाजूला ठिवली. चार-पाच तासांनी पुन्ना बघितली तर दोघांची मोठी पिसं लांब झालेली. मादी निघाल्या दोनी.

केतकीचं_बन

दादा, फार लवकर बघितली असणार. पिल्लू पुरतं वाळून फुललं की मग पंख बघायचा, पण फार उशीर केला तर हळू पिसंही वाढून फरक मिटतो. मावशीला विचारा ती कधी सुरू करते.

पोल्ट्रीवाला_खंडू

विचारलं. म्हनली, "च्या पिऊन झाल्यावर."

मोतीची_आई

तिसरं अंडं. नाव बदलायचं का तिचं?

अप्पा_बनारसवाले

मोती मुलीलाही चालतं.